कुपनामागचे शब्द

बर्फाच्या कारखान्यात मी कुपनं फाडते.
पिवळं एका लादीचं, गुलाबी अर्धीचं.
लल्लन निषाद आकड्याने लादी ओढायचा,
गाव बलिया, बाप गंगेवर नाव चालवणारा.
खारं पाणी त्याने पहिल्यांदा चाखलं ते इथे, हर्णैत,
आणि थुंकला.

मार्चात म्हणाला, मॅडमजी,
मस्कत के कोल्ड इस्टोरेज में जगह है,
अंग्रेजी पूछते हैं.
मी म्हटलं, आधी तो 'इ' उतरव.
स्टोरेज. स्कूल. स्टेशन.
तुम्हाला 'स'च्या आधी उंबरठा लागतो,
इंग्रजी थेट आत शिरते, चपला घालून.

रोज पाच शब्द, फाटक्या कुपनांच्या मागे.
चार माझे : क्रश, मेल्ट, लीक, स्लिपरी.
पाचवा त्याने कुठून तरी आणायचा.
टेम्पोच्या मागून 'हॉर्न' आणला,
औषधाच्या बाटलीवरून 'शेक',
एकदा नुसताच 'अनलेस' घेऊन आला,
कुठे सापडला ते सांगेना.

बर्फाला अनेकवचन नाही हे त्याला पटत नव्हतं.
समोर चाळीस लाद्या आणि मी म्हणते, आइस.
ब्लॉक्स मोज, बर्फ मोजायचा नसतो.
"तो आप दिनभर क्या गिनती हैं?"
मी पुढच्याचं कुपन फाडलं.

लाइट गेली त्या रात्री सुरमईचे चार टेम्पो दारात,
मालक ओरडतोय, आणि हा माझ्या कानाशी :
द वॉटर डिड नॉट फ्रोझ.
फ्रीझ, मी म्हटलं, डिड नॉट फ्रीझ.
'डिड'ने भूतकाळ एकदा खांद्यावर घेतला
की मागच्याने रिकाम्या हाताने चालायचं.
तो म्हणाला, हमारे यहाँ दोनों उठाते हैं.

आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.
हे तर आमच्या शाळेतल्या सरांचंही चुकायचं.
हॅव बीन म्हण. आणि पाच वर्षांना फॉर.
'फॉर' लांबी मोजतो,
'सिन्स'ला एक खुंटी लागते, जिथून दोर सुरू होतो.
तू कधीपासून आहेस?
बराच वेळ आकडा लादीत रुतवून उभा राहिला.
जब से बाबूजी गए.
मग तिथे लाव सिन्स, मी म्हटलं,
आणि वहीत मान घातली.

'द' मात्र दोघांच्याही घरात नाही.
आपण म्हणतो, बोट आली.
कुठली, ते ऐकणाऱ्याने ओळखायचं.
मी सांगितलं, 'अ बोट' म्हणजे कुठलीही,
'द बोट' म्हणजे जिची तू आणि मी
दिवेलागणीपासून वाट बघतोय ती.
गावाच्या नावाला 'द' नको.
मुंबईला नाही, मस्कतला नाही.
त्याने तीनदा लिहून काढलं.

एका सकाळी मी सहज म्हटलं,
लल्लन, आज बर्फ अच्छा जमा है.
तो हसला, पहिल्यांदाच मास्तरासारखा :
जमी है, मॅडमजी. बर्फ अच्छी जमी है.
अठरा वर्षं मी परप्रांतीय खलाशांसमोर
बर्फाला पुरुष करून बसले होते,
एकानेही टोकलं नाही.
मी कुपनामागे लिहून घेतलं.

गेला. त्याच्या जागी आलेला पोरगा
दिवसभर मोबाइलवर, लाद्या कडेला फुटतात.
परवा लिलाव आटपल्यावर मेसेज आला,
कष्टाने टाइप केलेला, सगळे फुलस्टॉप जागेवर :
मॅडमजी, आय हॅव बीन हिअर फॉर टू मन्थ्स.
(इथे मी दोनदा वाचलं.)
द वर्क इज गुड.
आय मिस द हर्णै.

चूक. नियम मीच दिला होता, तीनदा लिहून घेतला होता.
अंगठा त्या 'द'वर टेकवून
मी खिडकीतून जेटीकडे बघत बसले.
मग लिहिलं :
यहाँ बर्फ अच्छी जमी है.